प्रबंध, निबंध, थीसिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत मी प्रबंधांचं मुद्रितशोधन करते. विश्रामबागेतून, मिरजेतून, तासगावातून, कराडहून आणि वाईहून लोक मजकूर पाठवतात. मजकुराबरोबर प्रश्नही येतात, आणि ते बहुतेक वेळा मुखपृष्ठावरच्या एकाच शब्दाबद्दल असतात. तेच तेच प्रश्न इतक्या जणांनी विचारले की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'प्रबंध' म्हणजे नेमकं काय?

एखादा विषय पद्धतशीरपणे अभ्यासून, पुराव्यांनिशी, सलगपणे मांडलेलं मोठं विद्वत्तापूर्ण लेखन म्हणजे प्रबंध. आज हा शब्द बहुतेक वेळा पीएच.डी.साठी विद्यापीठाला सादर केलेल्या लेखनासाठी वापरतात. पण शब्द विद्यापीठांच्या कितीतरी आधीचा आहे. पदवीशी काडीचाही संबंध नसलेल्या लेखनालाही प्रबंध म्हटलं जात असे, आणि म्हणायला आजही हरकत नाही. अट एकच, लेखन एकसंध हवं. पंधरा सुटे लेख एकामागे एक लावले म्हणजे प्रबंध होत नाही. ही अट कुठून आली ते पुढच्या उत्तरात आहे.

२. हा शब्द आला कुठून?

संस्कृतातल्या 'बन्ध्' म्हणजे बांधणे या धातूपासून, 'प्र' हा उपसर्ग लागून. शेताचा बांध, कृष्णेवरचा बंधारा, भाऊबंद ही सगळी याच धातूची लेकरं. इंग्रजीतला बाइंड हा शब्दसुद्धा याच प्राचीन मुळाचा आहे. ते नातं उसनवारीचं नाही, दोन्ही भाषांच्या समान पूर्वजाकडून आलेलं आहे.

संस्कृतात 'प्रबंध' या शब्दाचा एक जुना अर्थ 'सातत्य' असा आहे. पाणिनीच्या एका सूत्रात 'क्रियाप्रबंध' असा शब्द येतो, तिथे अर्थ आहे क्रिया न तुटता चालू राहणं. एखादा माणूस जन्मभर अन्नदान करत राहिला, तर तो क्रियाप्रबंध. पुढे याच शब्दाला 'सलग रचना' हा अर्थ आला. पश्चिम भारतातल्या जैन लेखकांनी राजे, आचार्य आणि कवी यांच्या कथांना प्रबंध म्हटलं. मेरुतुंगाचा 'प्रबंधचिंतामणी' हा १४व्या शतकाच्या सुरुवातीचा ग्रंथ त्या परंपरेतला. तिकडे तमिळमध्ये आळवार संतांच्या चार हजार पद्यांच्या संग्रहाला दिव्य प्रबंध म्हणतात.

मराठीत मला सगळ्यात प्रिय असलेला दाखला ज्ञानेश्वरीतला आहे. अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानदेव आपल्याच कामाबद्दल म्हणतात:

तेणें आबालसुबोधें। ओवियेचेनि प्रबंधें।
ब्रह्मरससुस्वादें। अक्षरें गुंथिलीं॥

लहान मुलालाही कळेल अशा ओवीच्या प्रबंधात अक्षरं गुंफली. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. प्रबंध आणि गुंफणं हे दोन शब्द इथे एकाच ओवीत शेजारी आले आहेत. मजकूर तपासायला बसले की मी आधी हेच बघते: दुसरं प्रकरण काढून टाकलं तर चौथं कोसळतं का? कोसळत नसेल, तर दुसरं प्रकरण बांधलेलं नाही, नुसतं ठेवलेलं आहे.

३. ग्रंथ, सूत्र, संदर्भ या शब्दांचाही दोऱ्याशी संबंध आहे असं आमचे सर म्हणाले. खरं का?

खरं आहे. 'ग्रंथ' हा 'ग्रन्थ्' म्हणजे गाठ मारणे, गुंफणे या धातूचा, आणि शरीरातली ग्रंथी म्हणजे गाठ ही त्याची सख्खी बहीण. ताडपत्रांना भोक पाडून त्यातून दोरी ओवत आणि पोथी बांधत, ते चित्र या शब्दाशी छान जुळतं. 'सूत्र' म्हणजे तर सरळ दोराच. 'संदर्भ' हा 'दृभ्' या धातूपासून आला, त्याचाही अर्थ ओवणे, गुंफणे. म्हणजे प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची हा मूळ कल्पनेत दोऱ्यांचाच हिशोब आहे. कोणता दोरा कुठून आला, ते सांगणारा.

आपल्याकडे कागदपत्रंसुद्धा बांधूनच ठेवली जात. जुन्या दप्तरांतली कागदांची गाठोडी कापडात बांधतात, आणि त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. वाईजवळच्या मेणवलीचं नाना फडणविसांचं दप्तर अभ्यासकांना माहीत आहे. वि. का. राजवाडे यांना वाईत पानिपतच्या काळातली पत्रं मिळाली, आणि त्यांतून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली काढला. त्या खंडाची प्रस्तावना वाचली की कळतं, विद्यापीठात न लिहिलेलं लेखनही किती घट्ट बांधलेलं असू शकतं.

४. थीसिस आणि डिझर्टेशन या शब्दांचा मूळ अर्थ काय?

'थीसिस' ग्रीक आहे. त्याचं क्रियापद 'ठेवणे, मांडणे' या अर्थाचं. म्हणजे थीसिस ही मांडलेली गोष्ट, चारचौघांसमोर ठेवलेलं विधान. युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत विद्यार्थी असं विधान मांडायचा आणि वादात त्याचा बचाव करायचा. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने मांडलेल्या ९५ थीसिस म्हणजे अशीच ९५ विधानं होती, ९५ पुस्तकं नव्हेत.

'डिझर्टेशन' लॅटिन, अर्थ 'चर्चा करणे, विवेचन करणे'. ब्रिटनमध्ये साधारणपणे पीएच.डी.च्या लेखनाला थीसिस आणि एम.ए.च्या लेखनाला डिझर्टेशन म्हणतात. अमेरिकेत बरोबर उलटं. आपली विद्यापीठं ब्रिटिश वळणाची, म्हणून आपल्याकडे पीएच.डी.ची थीसिस.

तीन भाषांनी तीन गोष्टी पकडल्या. ग्रीकांनी विधान मांडण्याला महत्त्व दिलं, रोमनांनी चर्चेला, आणि आपण बांधणीला. तिन्ही लागतात.

५. परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या प्रबंधाचा थीसिस काय?" हा प्रश्न मला कळलाच नाही.

हा प्रश्न कळला नाही म्हणून कानकोंडे झालेले तीन-चार जण तरी माझ्याकडे आले आहेत. वाईट वाटून घेऊ नका, घोळ शब्दाचा आहे. थीसिस या शब्दाला इंग्रजीत दोन्ही अर्थ आहेत: ते जाडजूड बाड, आणि त्या बाडात तुम्ही सिद्ध करू पाहता ते एक विधान. मराठीत 'प्रबंध' फक्त पहिल्या अर्थाला पुरतो. दुसऱ्यासाठी 'प्रमेय' किंवा 'प्रतिपाद्य' म्हणा.

आपल्या न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, याला नेमका शब्द आहे: 'प्रतिज्ञा'. अनुमान पाच अवयवांनी मांडायचं: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या पर्वतावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे निगमन. फेब्रुवारी-मार्चमध्ये साताऱ्याच्या डोंगरांवर वणवा लागतो तेव्हा गावातला माणूसही याच क्रमाने विचार करतो. वाईच्या प्राज्ञपाठशाळेची परंपरा याच शास्त्रांची, आणि तिथल्या लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावामागचं 'तर्कतीर्थ' ही न्यायशास्त्रातली पदवी आहे.

तेव्हा परीक्षकांचा प्रश्न असा होता: तुमची प्रतिज्ञा काय? ती एका वाक्यात सांगता आली पाहिजे. "मी सांगली जिल्ह्यातल्या हळदीच्या बाजाराचा अभ्यास केला" ही प्रतिज्ञा नव्हे, हा विषय झाला. हळदीच्या भावाबद्दल तुम्ही असं काहीतरी म्हणायला हवं, जे कुणी खोडूनही काढू शकेल.

६. मग निबंध आणि प्रबंध यांत फरक काय? दोन्हींत 'बंध' आहेच की.

आहे, आणि संस्कृतात दोन्ही शब्द जवळजवळच होते. शाळेत 'माझा आवडता ऋतू' लिहून घेतात म्हणून आपल्याला निबंध म्हणजे दीड पान वाटतो. धर्मशास्त्रात मात्र निबंध म्हणजे अवाढव्य संकलन. अनेक स्मृती-पुराणांतली वचनं विषयवार एकत्र बांधून त्यांवर निर्णय देणारा ग्रंथ. यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीचा 'चतुर्वर्गचिंतामणी' हा निबंधग्रंथ, आणि त्याचे छापील खंड उचलायला दोन हात लागतात.

आजचा अर्थ १९व्या शतकात पक्का झाला, इंग्रजी एसेच्या सहवासात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली, तिचे ८४ अंक निघाले, आणि मराठी वाचकाच्या मनात निबंध म्हणजे एका विषयावरचा विचारपूर्ण लेख हे ठरून गेलं. गंमत अशी की एसे या शब्दाचं मूळ फ्रेंच, १५८० साली माँतेन्यने तो आपल्या लेखनाला वापरला तेव्हा अर्थ होता 'प्रयत्न, चाचपणी'. म्हणजे सैल, अंदाज घेत जाणारं लेखन. आपण त्याला नाव दिलं 'घट्ट बांधलेलं'. मला वाटतं, शाळेतल्या निबंधाला 'प्रस्तावना, गुण, तोटे, उपसंहार' असा साचा पडायला हे नावही थोडं जबाबदार असावं.

७. निबंधक म्हणजे निबंध लिहिणारा का?

नाही, तो निबंधकार. निबंधक म्हणजे नोंदणी करणारा अधिकारी. जमिनीचं खरेदीखत करायला आपण दुय्यम निबंधकाकडे जातो, सोसायटीची तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे करतो. सहकार घरोघरी पोहोचलेल्या आपल्या सांगली-सातारा या दोन्ही जिल्ह्यांत हा शब्द ऐकला नाही असा माणूस सापडणं कठीण. पण त्यात 'निबंध' का, हे फार जण विचारतात.

निबंधाचा एक अर्थ 'नोंदवून पक्कं करणं' असा होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हिशोबखात्याच्या इमारतीत 'निबंधपुस्तकं' ठेवायची जागा करावी असं सांगितलं आहे, म्हणजे नोंदवह्यांची. तहसील आवारातला आजचा निबंधक हा त्या निबंधपुस्तकांचा वारस आहे, शाळेतल्या निबंधवहीचा नव्हे.

८. शोधनिबंध आणि शोधप्रबंध, मुखपृष्ठावर काय लिहू?

पीएच.डी. असेल तर शोधप्रबंध, किंवा नुसतं प्रबंध. शोधनिबंध म्हणजे एखाद्या नियतकालिकात किंवा चर्चासत्रात मांडलेला, साधारण आठ-दहा पानांचा लेख. तुमच्या विद्यापीठाने नमुना दिला असेल तर त्यातलाच शब्द ठेवा. सांगली-साताऱ्याची बरीच महाविद्यालयं शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली आहेत, काही संस्था अभिमत किंवा स्वतंत्र आहेत, आणि नमुने सगळ्यांचे एकसारखे नसतात.

९. लघुप्रबंध, प्रबंधिका, लघुनिबंध हे एकच का?

पहिले दोन एक, तिसरा पूर्ण वेगळा.

लघुप्रबंध किंवा प्रबंधिका म्हणजे डिझर्टेशन: एम.ए.चं किंवा पूर्वीच्या एम.फिल.चं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी एम.फिल. बंद झाली, त्यामुळे 'प्रबंधिका' हा गोड शब्द आता कमी दिसतो.

लघुनिबंध हा मात्र ललित साहित्याचा प्रकार. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर आणि अनंत काणेकर यांच्या काळात तो बहरला. त्यात लेखक घराच्या खिडकीबद्दल, पावसाबद्दल, स्वतःच्या लहरीबद्दल मोकळेपणाने बोलतो. खांडेकर तर आपल्या सांगलीतच १८९८ साली जन्मले. एका मुलीने एम.ए.च्या लेखनावर 'लघुनिबंध' असं छापून घेतलं होतं. तपासणाऱ्यांनी नुसतं वर्तुळ करून परत दिलं, कारण काही सांगितलं नाही, आणि ती रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. शब्दाचा इतिहास तिला कुणी दोन मिनिटं सांगितला असता तर तिचे आठ दिवस वाचले असते.

१०. हिंदीत 'संविधान संशोधन' म्हणतात. मग आपलं संशोधन चुकीचं की त्यांचं?

दोघांचंही बरोबर. धातू 'शुध्', शुद्ध करणे. धान्य निवडताना खडा बाजूला काढतो ते शोधन. हिंदीने त्यातला 'दुरुस्ती' हा अर्थ घेतला, म्हणून त्यांचं संशोधन म्हणजे आपली घटनादुरुस्ती. मराठीने 'खरं-खोटं निवडून सत्य काढणं' हा अर्थ घेतला, म्हणून आपलं संशोधन म्हणजे त्यांचा शोध किंवा अनुसंधान. माझ्या कामाच्या नावात, 'मुद्रितशोधन' या शब्दात, दुरुस्तीचा अर्थ मराठीतही टिकून आहे.

हिंदी संदर्भग्रंथ वापरणाऱ्यांनी मात्र सांभाळा. हिंदीतल्या 'संशोधित संस्करण'चं मराठी 'सुधारित आवृत्ती' होतं, 'संशोधित आवृत्ती' नव्हे. ही चूक संदर्भसूचीत मला सर्रास सापडते. आणि 'शोधगंगा' या प्रबंधांच्या सरकारी संग्रहाच्या नावातला शोध हिंदी अर्थाचा आहे.

११. मिरजेला बँकेत 'शाखा प्रबंधक' अशी पाटी आहे. त्यांचा प्रबंधाशी काय संबंध?

तीही हिंदीच. हिंदीत प्रबंध म्हणजे व्यवस्था, बंदोबस्त, आणि प्रबंधक म्हणजे व्यवस्थापक. आपल्या 'बंदोबस्त' शब्दातही बांधणं आहेच, फक्त तो फारसीतून आला. मराठीत प्रबंधाचा व्यवस्थापन हा अर्थ रुळलेला नाही, त्यामुळे मराठी मजकुरात 'शाखा व्यवस्थापक' लिहा.

१२. मी गाणं शिकतो. आमच्या गुरुजींच्या तोंडी 'प्रबंध गायकी' येते. तोच शब्द का?

तोच, आणि मिरजेतून हा प्रश्न यावा याचा मला आनंद आहे. तंबोरे-सतारी बनवणारं हे गाव, अब्दुल करीम खाँसाहेबांची आठवण जपणारं.

ख्याल आणि धृपद रुजण्याआधी भारतात जे बांधीव गाणं होतं त्याला प्रबंध म्हणत. १३व्या शतकात देवगिरीला यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्याचा एक संपूर्ण अध्याय प्रबंधावर आहे. प्रबंधाचे भाग म्हणजे धातू: उद्ग्राह, मेलापक, ध्रुव, आभोग. अंगं सहा: स्वर, बिरुद, पद, तेनक, पाट, ताल. या धातूंनी आणि अंगांनी बांधलेला तो प्रबंध. तुम्ही आज 'बंदिश' म्हणता, तो फारसी शब्दही बांधण्याचाच. संस्कृतचा बंध आणि फारसीचा बंद ही एका आजीची नातवंडं. मागे पडलेल्या प्रबंधाची जागा त्याच्याच चुलतभावाने घेतली, असं म्हणायला हवं.

शार्ङ्गदेव आणि ज्ञानदेव एकाच शतकातले, एकाच यादवांच्या राज्यातले. एकाने गाण्याची बांधणी सांगितली, दुसऱ्याने ओवीची केली, आणि दोघांनी शब्द वापरला तो हाच. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

१३. थीसिस लिहिला की लिहिली? प्रबंध की प्रबन्ध?

थीसिस बोलताना बहुतेकांच्या तोंडी स्त्रीलिंगी येते: "थीसिस टाकली का?" लेखनात प्रबंध वापरा आणि प्रश्नच मिटवा, तो पुल्लिंगी आहे. अनेकवचन 'प्रबंध'च, 'प्रबंधे' नव्हे.

मराठीच्या लेखननियमांप्रमाणे स्पष्ट उच्चाराच्या अनुनासिकासाठी शीर्षबिंदू द्यायचा, म्हणून 'प्रबंध'. तत्सम शब्दांत 'प्रबन्ध' असं विकल्पाने चालतं, पण मग 'सम्बन्ध', 'ग्रन्थ' हेही सगळीकडे तसंच लिहावं लागेल. 'शोधप्रबंध' सामासिक शब्द आहे, एकत्र लिहा, मध्ये जागा किंवा रेघ नको.

आणि एक विनंती. मोबाइलवर टाइप करताना 'प्रबंध'चा 'प्रतिबंध' होतो. एका संशोधकाच्या काळ्या रेक्झिनच्या पाच प्रतींवर सोनेरी अक्षरांत 'शोधप्रतिबंध' उमटलं होतं. आतला मजकूर मी तपासला होता, मुखपृष्ठ माझ्याकडे आलंच नव्हतं. तेव्हापासून मी मुखपृष्ठ मागून घेते. बायंडिंगला देण्याआधी तुम्हीही ते मोठ्याने वाचा.

१४. विश्वकोशातल्या लेखाला शोधनिबंध म्हणून दाखवता येईल का?

नाही. त्याला 'नोंद' म्हणतात. वाईहून चाललेल्या मराठी विश्वकोशाच्या कामात हाच शब्द रूढ आहे. नोंदीत लेखकाने स्वतःची प्रतिज्ञा (प्रश्न ५) मांडायची नसते, जे ज्ञान स्थिर झालं आहे ते थोडक्यात द्यायचं असतं. कौशल्य त्यातही लागतं. फक्त प्रकार वेगळा आहे.

१५. घरातल्या जुन्या पेटीत पणजोबांच्या हातची वही मिळाली. सगळ्या ओव्या, आणि वर 'प्रबंध' असं लिहिलंय. पणजोबांनी पीएच.डी. केली होती का?

तसं नसावं. इथे शब्द प्रश्न २ मधल्या जुन्या अर्थाने आहे: सलग रचलेलं काव्य. वहीला नवी दोरी लावू नका, पानांना चिकटपट्टी तर मुळीच नको. फोटो काढून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या मराठी विभागाला दाखवा. कुठली तिथी, शक किंवा लेखनस्थळ असेल तर ते बहुधा शेवटच्या पानावर सापडेल.

१६. पीएच.डी. झाली, आता पुस्तक काढायचंय. मुखपृष्ठावर 'प्रबंध' ठेवू का?

ठेवू नका, आणि नुसता शब्द काढूनही भागणार नाही. प्रबंध परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. त्यात तुम्हाला काय काय माहीत आहे हे दाखवावं लागतं, म्हणून पहिली दोन प्रकरणं पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात जातात. वाचकाला तो आढावा नको असतो. आढावा तळटिपांत न्या, प्रतिज्ञा पहिल्या दहा पानांत आणा, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटचा 'निष्कर्ष' हा ठोकळा मोडून मजकुरात मिसळा. मूळ लेखन अमुक विद्यापीठाने पीएच.डी.साठी स्वीकारलेला प्रबंध होतं, हे ऋणनिर्देशात एका वाक्यात सांगा.

हे करताना जुन्या गाठी सुटतात आणि सगळं विखुरल्यासारखं वाटतं. माझ्याकडे या टप्प्यावर आलेल्या बहुतेकांनी एकदा तरी विचारलं आहे की मूळ प्रबंध तसाच छापला तर चालेल का. चालेल, पण विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याची एक प्रत आधीच आहे.